कारभार सोपवावा, पण सोडू नये

आपल्या बेळगावात मालमोटारीवर पोट असलेली घरे पुष्कळ आहेत. कोणी गोव्याला भाजीपाला नेतो, कोणी ओतकामाचा माल पुणे-बंगळूर हमरस्त्याने वर-खाली पोचवितो. यांपैकी बहुतेकांजवळ एक, दोन, फार तर पाच गाड्या असतात. मी शिक्षक, या धंद्याशी माझा तसा संबंध नाही. परंतु कागद कानडीत किंवा इंग्रजीत येतात आणि मालकाचे शिक्षण मराठी किंवा उर्दू शाळेत झालेले असते. त्यामुळे ते कागद वाचून घेण्यासाठी पालक मंडळी माझ्याकडे येतात. ते वाचता वाचता मला जे उमगले, ते येथे मांडीत आहे.

काही वर्षांपूर्वी एका विद्यार्थ्याचे वडील शाळा सुटण्याच्या वेळी एक लखोटा घेऊन आले. मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस होती. त्यांच्या दोन ट्रकांचा सारा कारभार एका एजंटाकडे होता. महिन्याला ठरलेली रक्कम त्याच्या हाती ठेवली की आपले काम झाले, असे ते समजत. विम्याचे पैसेही त्यांनी वेळेवर दिले होते. पण ते विमा कंपनीपर्यंत पोचलेच नव्हते, आणि अपघात झाला त्या दिवशी विमा संपून अकरा दिवस लोटले होते. रस्त्याने जाणाऱ्या एका मजुराचा पाय गेला होता. "सर, मी तर पैसे भरले होते," असे ते पुनःपुन्हा म्हणत होते. नोटिशीत एजंटाचे नाव कोठेही नव्हते. नाव होते ते मालकाचे. पुढे एक गाडी विकून त्यांनी भरपाई दिली.

हे असे का झाले? एजंट लबाड होता हे उत्तर खरे आहे, पण अपुरे आहे. मूळ चूक समजुतीची होती. काम दुसऱ्याला देता येते. जबाबदारी देता येत नाही.

कारभार बाहेर देण्यात गैर काही नाही, हे प्रथम सांगितले पाहिजे. एका ट्रकामागे कामे किती असतात ते पाहा. परमिट, विमा, धुराचा दाखला, रस्त्याचा कर. शिवाय पासिंग, जे गाडी आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि पुढे दरवर्षी करावे लागते. ड्रायव्हरचा मालवाहतुकीचा परवाना २०१९ च्या दुरुस्तीपासून पाच वर्षांनी नवा करावा लागतो. मालाची किंमत ५०,००० रुपयांहून अधिक असेल तर सामान्यतः ई-वे बिल लागते, आणि त्याची मुदत साधारणपणे दर २०० किलोमीटरला एक दिवस अशी मोजतात. याखेरीज भाडे मिळविणे, बिल्टी सांभाळणे, टायर व दुरुस्ती पाहणे, हिशेब ठेवणे हे आहेच. जो मालक स्वतःच गाडी चालवितो त्याने हे सर्व कधी करावे? जाणता मनुष्य मोबदला देऊन नेमणे हा शहाणपणाच आहे.

परंतु कायदा कोणाकडे बोट दाखवितो ते समजून घ्यावे. १९८८ च्या मोटार वाहन कायद्याप्रमाणे ज्याच्या नावे नोंदणी तो मालक. गाडी कर्जावर किंवा भाडेकरारावर असेल तर त्या कराराने जिच्या ताब्यात ती आहे ती व्यक्ती मालक. गाडी विकली पण नोंदणी बदलली नाही, तरी अपघाताच्या भरपाईसाठी नोंदणीतला मनुष्यच मालक धरला जाईल, असे २०१८ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले. विकलेल्या गाडीची ही गोष्ट, मग नुसत्या चालवावयास दिलेल्या गाडीची काय कथा! विमा चालू असला पण परमिट नसले, तर कंपनीने जखमी माणसाला दिलेली रक्कम ती मालकाकडून वसूल करू शकते.

जादा मालाचेही तसेच आहे. भाडे ठरविणारा दलाल "दोन टन जास्त टाका, कोण बघतो" असे फोनवर सांगतो आणि आपले कमिशन घेऊन मोकळा होतो. २०१८ साली सरकारने वजनाच्या मर्यादा वाढविल्या. दहा चाकी ट्रकाची मर्यादा गाडीच्या वजनासह २५ टनांवरून २८.५ टन झाली. परंतु आपल्या नोंदणीपत्रात जो आकडा आहे तोच आपला. तो ओलांडल्यास १ सप्टेंबर २०१९ पासूनच्या तरतुदीप्रमाणे २०,००० रुपये आणि जादा दर टनामागे २,००० रुपये दंड, वर माल उतरविण्याचा खर्च. हा दंड गाडी चालविणाऱ्यालाच नव्हे, चालवू देणाऱ्यालाही लागू आहे.

या बाबतीत इंग्लंडची पद्धत जाणून घेण्यासारखी आहे. तेथे साडेतीन टनांवरील गाड्यांनी दुसऱ्याचा माल भाड्याने नेणाऱ्यास परवाना लागतो, आणि त्यासाठी परीक्षा देऊन पात्रता मिळविलेला वाहतूक व्यवस्थापक असावा लागतो. लहान मालकास असा पगारी नोकर परवडत नाही, म्हणून बाहेरचा मनुष्य कराराने नेमण्यास मुभा आहे. मात्र अशा माणसाने एका वेळी चारांहून अधिक मालकांचे व एकूण पन्नासांहून अधिक गाड्यांचे काम घेऊ नये, अशी मर्यादा आहे. कारण उघड आहे : नाव लावून पैसे घेणारा नको, खरोखर लक्ष घालणारा हवा. आणि एवढे करूनही "व्यवस्थापक बघत होता" या सबबीवर मालकाची सुटका होत नाही.

आपल्याकडे कायद्याने असा व्यवस्थापक सक्तीचा नाही. म्हणून पारख आपणच करावयाची. माझ्या अल्पमतीप्रमाणे पाच गोष्टी पाळाव्यात. एक, कोणते काम कोणी, किती मोबदल्यात करावयाचे हे लेखी असावे. दोन, विम्याचे पैसे मालकाने स्वतः थेट कंपनीस भरावेत. तीन, नोंदणीत मोबाईल क्रमांक मालकाचा असावा. पुष्कळदा तेथे एजंटाचा असतो आणि दंडाची खबर मालकास लागतच नाही. चार, विमा, पासिंग व परमिट यांच्या तारखा घरात भिंतीवर लिहाव्यात, आणि महिन्यातून एकदा सरकारी एम-परिवहन ॲपवर मुलाकडून त्या ताडून घ्याव्यात. पाच, ड्रायव्हरच्या विश्रांतीचा निर्णय दलालावर सोपवू नये. १९६१ च्या मोटार परिवहन कामगार कायद्याने दिवसाला आठ तास आणि सलग पाच तासांनंतर अर्धा तास विसावा असा नियम घालून दिला होता. त्यामागचा हेतू आजही तितकाच खरा आहे. झोपेने डोळे मिटलेल्या माणसाच्या हाती आपली गाडी आणि परक्याचा जीव असतो.

आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते, अशी आपली म्हण आहे. विश्वास टाकू नये असा तिचा अर्थ नव्हे. डोळे उघडे ठेवून टाकावा, इतकाच आहे. दुसऱ्याने विश्वासाने ठेवलेल्या वस्तूला आमच्या घरी अमानत म्हणतात. रस्त्यावरून चालणाऱ्या प्रत्येक माणसाचा जीव ही मोटारमालकाजवळची अमानत आहे, आणि ती कोणत्याही एजंटाकडे सोपविता येत नाही.

त्या पालकांची उरलेली एक गाडी आजही चालते. कागदपत्रांचे काम अजूनही बाहेरचा मनुष्यच करतो, पण आता दर महिन्याच्या पहिल्या रविवारी त्यांचा मुलगा सगळ्या तारखा वडिलांना मोठ्याने वाचून दाखवितो. आपल्या विश्वस्त मंडळाच्या सभागृहात महिन्याची एक संध्याकाळ अशा कागद-वाचनासाठी राखता आली, तर मी व माझे काही सहकारी आनंदाने येऊ.