स्वतःच्या पायांनी परत

जन्मठेपेचा एक कैदी तीन आठवडे आपल्या गावी राहतो. आईला दवाखान्यात नेतो, गळकं पत्र्याचं छप्पर दुरुस्त करतो, वर्षभर न पाहिलेल्या मुलीला शाळेत सोडायला जातो. मग ठरलेल्या तारखेला एसटीने जिल्ह्याच्या गावी येतो, पिशवी खांद्याला लावून तुरुंगाच्या मोठ्या दरवाजापाशी उभा राहतो आणि आत घ्या म्हणतो. बरोबर शिपाई नसतो, हातात बेडी नसते. सबंध देश पळून जायला मोकळा असतो, तरी तो येतो. महाराष्ट्रातल्या तुरुंगांच्या दारांवर हे वर्षानुवर्षं घडतं आहे आणि मला ते जगातल्या मोठ्या नवलांपैकी एक वाटतं. परत न आलेल्याची बातमी होते, आलेल्यांची कुणी मोजदादही करत नाही.

असं दार उघडून पाहण्याचं धाडस पहिल्यांदा कुणी केलं, हे शोधायला गेलं की वाट पॅसिफिक महासागरातल्या एका बेटावर पोचते. नॉरफोक बेट ऑस्ट्रेलियाच्या पूर्वेला सुमारे 1,400 किलोमीटरवर आहे आणि त्याचं क्षेत्रफळ जेमतेम 35 चौरस किलोमीटर. इंग्रजांनी हद्दपार करून ऑस्ट्रेलियात आणलेल्यांपैकी ज्यांनी तिथे पुन्हा गुन्हा केला, त्यांना या बेटावर टाकलं जाई. चाबकाचे फटके हा तिथला नित्याचा कारभार होता. मार्च 1840 मध्ये या बेटाचा प्रमुख म्हणून आला अलेक्झांडर मॅकॉनकी. स्कॉटलंडचा, नौदलातला अधिकारी, लंडनमधल्या विद्यापीठात भूगोलाचा पहिला प्राध्यापक. पण त्याच्या पूर्वायुष्यातली आणखी एक गोष्ट मला जास्त महत्त्वाची वाटते: नेपोलियनच्या युद्धात तो फ्रेंचांच्या हाती सापडला होता आणि काही वर्षं स्वतः कैदेत राहिला होता.

आल्यानंतर तीन महिन्यांच्या आत, 25 मे 1840 रोजी, राणी व्हिक्टोरियाच्या वाढदिवसाचं निमित्त साधून त्याने तुरुंगाची दारं उघडली. सगळ्या बेटावर हिंडा, पोहा, जेवा, संध्याकाळी परत या, एवढीच अट. ज्यांना साम्राज्यातले सर्वांत बिघडलेले कैदी समजलं जाई, अशा शेकडो लोकांनी त्या दिवशी पोटभर जेवण केलं, राणीच्या नावाने रमचा घोट घेतला, नाटक केलं, शोभेची दारू उडताना पाहिली. रात्री सगळे आपापल्या बराकीत परतले. दंगा झाला नाही. सिडनीच्या वर्तमानपत्रांनी मात्र मॅकॉनकीला धारेवर धरलं.

तो मेजवानी देणारा भला माणूस होता, एवढ्यावर त्याला सोडून दिलं तर त्याचं खरं काम निसटतं. शिक्षा दिवसांत मोजण्यालाच त्याचा आक्षेप होता. सात वर्षं म्हणजे सात वर्षं, मग त्या काळात तू काम कर की भिंतीकडे बघत बस; अशा शिक्षेतून माणूस फक्त वाट पाहायला शिकतो, असं तो मानी. त्याऐवजी त्याने गुण ठेवले. कामाचे गुण, वर्तनाचे गुण. ठरलेले गुण मिळवले की सुटका. सुरुवातीला कडक कैद, मग टोळीत काम, पुढे ठरावीक हद्दीत मोकळीक आणि शेवटी पूर्ण सुटका, अशा पायऱ्या. मधल्या टप्प्यावर सहा-सात जणांचा गट करायचा, एकाने चूक केली तर गुण सगळ्यांचे कापायचे. दुसऱ्याचं नुकसान आपल्यामुळे होतं, ही जाणीव यावी म्हणून ही योजना. जन्मभर ज्याच्यावर कुणी अवलंबून नव्हतं, अशा माणसाला त्याने जबाबदार करून पाहिलं.

मॅकॉनकीच्या प्रयोगाविषयी साशंक असलेले ऑस्ट्रेलियातले गव्हर्नर गिप्स 1843 मध्ये स्वतः बेट पाहून गेले आणि त्यांचं मत बरंच बदललं. पण तोवर लंडनमधून मॅकॉनकीला माघारी बोलावण्याचा हुकूम निघालेला होता. 1844 मध्ये तो परतला. बेटावर चाबूकही परतला.

कल्पना मात्र मेली नाही. दहाच वर्षांनी आयर्लंडमध्ये वॉल्टर क्रॉफ्टन यांच्याकडे तुरुंगांचा कारभार आला आणि त्यांनी मॅकॉनकीच्या पायऱ्या उचलल्या. आधी माउंटजॉय तुरुंगात एकांतवास, मग सार्वजनिक बांधकामांवर काम, आणि त्यानंतर एक नवी पायरी: डब्लिनजवळच्या लस्क गावातला तळ. तिथे लोखंडी पत्र्यांच्या झोपड्या होत्या. तटबंदी नव्हती, मोजक्या पहारेकऱ्यांकडे शस्त्रं नव्हती. सुटायच्या आधी माणसाने मोकळ्या जागेत स्वतःला आवरून दाखवावं आणि बाहेरच्या शेतकऱ्या-कारखानदारांनी ते डोळ्यांनी पाहावं, हा हेतू. त्यानंतर सशर्त सुटकेचा परवाना.

इथे जेम्स ऑर्गन नावाचा माणूस येतो आणि माझ्या दृष्टीने या सगळ्या इतिहासाचा नायक तोच आहे. तो कैद्यांना शिकवणारा मास्तर होता. पुढे डब्लिनमध्ये परवान्यावर सुटलेल्यांवर देखरेख करण्याचं काम त्याच्याकडे आलं. देखरेख म्हणजे काय, तर तो मालकांची दारं ठोठावून या लोकांसाठी काम मागे, आणि काम मिळालं की नियमाने जाऊन ते टिकलं आहे का ते बघे. आज जगभर पॅरोल अधिकारी जे करतात किंवा त्यांनी जे करायला हवं, त्याचा पहिला नमुना हा. तुरुंगाचं काम दारापाशी संपत नाही, हे त्याने पायपीट करून दाखवलं.

आपल्याकडे कैद्याला शिक्षा चालू असताना काही दिवस घरी सोडण्यासाठी 1959 मध्ये मुंबई फर्लो आणि पॅरोल नियम झाले. फर्लोला मराठीत संचित रजा म्हणतात, पॅरोलला अभिवचन रजा. दोन्ही रजांवर कैदी घरीच जातो, पण हिशेब वेगळा. संचित रजा ठरावीक शिक्षा भोगल्यावर आणि वर्तन नीट असल्यावर मिळते; तिला घरातलं लग्न-आजारपण असं कारण लागत नाही आणि ते दिवस शिक्षेतच धरले जातात. माणूस घरी भाकरी खातो आहे आणि कायद्याच्या नजरेने शिक्षाही भोगतो आहे! अभिवचन रजा अडचणीची: जवळच्या माणसाचा मृत्यू, गंभीर आजार, घर कोसळणं. हे दिवस शिक्षेत धरले जात नाहीत. गोव्यातल्या कैद्यांच्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 2023 मध्ये हेच सांगितलं: प्रत्यक्ष चौदा वर्षांचा तुरुंगवास मोजताना पॅरोलवर घालवलेला काळ वगळायचा. आणि 2021 मध्ये गुजरातच्या एका प्रकरणात न्यायालयाने स्पष्ट केलं की संचित रजा हासुद्धा कैद्याचा अनिर्बंध हक्क नव्हे.

उशिरा परतलं तर शिक्षेत मिळालेल्या माफीचे दिवस कापले जातात, पुढची रजा धोक्यात येते, गुन्हाही दाखल होऊ शकतो. भीती आहेच. पण नुसत्या भीतीने माणूस परत येत असता, तर लस्कला तटबंदी लागली असती.

मग काय ओढून आणतं? याचं मला पटलेलं उत्तर बोस्टनमधून आलं. शेल्डन आणि एलिनॉर ग्लुक या संशोधक जोडप्याने विसाव्या शतकाच्या मध्याला 500 गुन्हेगार मुलांचा अभ्यास केला होता. त्याची खोकी हार्वर्डच्या कायदा महाविद्यालयाच्या तळघरात पडून होती. 1980 च्या दशकात रॉबर्ट सॅम्पसन आणि जॉन लॉब यांनी ती उघडली आणि पुढे त्यातल्या काही मुलांना शोधून काढलं. मुलं आता सत्तरीला टेकली होती! लहानपणी सारखीच बिघडलेली ही मुलं पुढे वेगवेगळ्या वाटांनी गेली होती. सुधारलेल्यांच्या आयुष्यात पुन्हा पुन्हा दिसलं ते असं: टिकणारी नोकरी, चांगला संसार, सैन्यातली भरती. जिथे आपण गेलो नाही तर कुणाचं तरी अडतं, अशी एखादी जागा.

सांगली जिल्ह्यातल्या आटपाडीजवळ ही गोष्ट त्याच्या कितीतरी आधी कळलेली होती. औंध संस्थानाच्या राजांनी, भवानराव पंतप्रतिनिधींनी, 1930 च्या दशकाच्या अखेरीस तिथे कैद्यांची मोकळी वसाहत वसवली. त्यात मॉरिस फ्रिडमन या गांधींच्या सहवासातल्या पोलिश इंजिनिअरचा मोठा वाटा होता. वसाहतीचं नाव स्वतंत्रपूर. खुनाच्या गुन्ह्यातली माणसं, पण भिंत नाही, कसायला जमीन आणि सोबत बायको-मुलं. त्याच माणदेशातल्या ग. दि. माडगूळकरांनी यावरून कथा लिहिली आणि व्ही. शांतारामांनी 1957 मध्ये ‘दो आँखें बारह हाथ’ केला. चित्रपट सगळ्यांना आठवतो, वसाहत फार थोड्यांना माहीत आहे. ती आजही महाराष्ट्राच्या कारागृह विभागात आहे. राजस्थानात जयपूरजवळ सांगानेरला 1963 पासून असाच मोठा तळ चालतो. तिथले कैदी कुटुंबासह राहतात, बाहेर जाऊन मजुरी करतात, स्वतःचा खर्च स्वतः भागवतात, हजेरीच्या वेळी हजर असतात, आणि त्यांची स्वतःची पंचायत आहे.

या व्यवस्थेतलं एक भोक मला फार टोचतं. रजेसाठी जामीनदार लागतो, घरचा पत्ता लागतो, पोलिसांचा अहवाल बरा यावा लागतो. ज्याला कुणीच नाही, त्याचा अर्ज तिथेच अडतो. ज्याला नात्यांची सर्वांत जास्त गरज, त्यालाच नाती जोडायची संधी सर्वांत कमी. टाटा समाजविज्ञान संस्थेचा ‘प्रयास’ हा प्रकल्प 1990 पासून मुंबईच्या तुरुंगांत आणि सुटलेल्या लोकांमध्ये काम करतो आहे. अशा कामाला सरकारने पैसा आणि माणसं दिली पाहिजेत. रजेवर गेलेल्याने गुन्हा केल्याच्या घटना घडतात, आणि त्यात बळी पडणाऱ्याचं दुःख कुठल्याही कल्पनेपेक्षा मोठं असतं. म्हणूनच ऑर्गनसारखी माणसं हवीत, जी बाहेर पडलेल्याकडे लक्ष ठेवतील आणि त्याचं कामही शोधतील.

1 मे 2022 रोजी पुण्याच्या येरवडा कारागृहात महाराष्ट्र राज्य सहकारी बँकेने ‘जिव्हाळा’ नावाची योजना सुरू केली: कैद्याला तुरुंगातल्या मजुरीच्या जोरावर, तारणाशिवाय, 50,000 रुपयांपर्यंत कर्ज, व्याज 7 टक्के. आत बसलेला बाप मुलीची फी भरू शकतो आणि हप्ता त्याच्या रोजच्या कामातून जातो. मॅकॉनकीला ही योजना फार आवडली असती.

तुमचं गॅरेज असेल, छापखाना असेल, हॉटेल किंवा शेत असेल, तर जिल्ह्याच्या परिविक्षा अधिकाऱ्याला एकदा भेटा आणि शिक्षा भोगून आलेल्या एखाद्या माणसाला काम देता येईल का, ते विचारा.