पानाचा हिरवेपणा मोबाईल ॲप कसे मोजते?
भाताला युरियाचा हप्ता द्यायचा का, हे ॲपवर पानाचा फोटो काढून ठरवत असाल, तर आधी हे समजून घ्या.

फोटोतील प्रत्येक ठिपक्याचा रंग लाल, हिरवा, निळा अशा ० ते २५५ मधील तीन आकड्यांत असतो. त्यावरून ॲप रंगछटा, तीव्रता आणि उजळपणा काढते. रंगछटा अंशांत मोजतात: लाल ०, पिवळा ६०, हिरवा १२०.

उदा. पानाचे आकडे १२०, १६०, ४० असल्यास रंगछटा ८० अंश, तीव्रता ७५ टक्के, उजळपणा ६३ टक्के. तेच पान सावलीत ६०, ८०, २० असे आले, तर उजळपणा ३१ टक्क्यांवर येतो. रंगछटा व तीव्रता तीच राहते. म्हणजे फोटो काळपट आला म्हणून पानात नत्र भरपूर आहे असे नव्हे.

हे करा:
- सकाळी, स्वतःच्या सावलीत, पूर्ण उघडलेले सर्वांत नवे पान घ्या.
- पानामागे पांढरा कागद धरा.
- किमान १० निरोगी पाने तपासा.
- गंधक किंवा लोह कमी पडले तरी पान पिवळे पडते. त्यामुळे युरिया टाकण्यापूर्वी पिवळेपणा नत्राच्या कमतरतेमुळेच आहे याची खात्री करा; लीफ कलर चार्टही फक्त हिरवेपणा दाखवतो, कारण नाही.