खेळाचे नियम माहीत नाहीत? तरी एशियन गेम्स, ऑलिम्पिक बघायला मजा येईल, फक्त एवढं लक्षात ठेवा

१ ऑगस्ट २०२४. कोल्हापूर जिल्ह्यातल्या कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने पॅरिस ऑलिम्पिकमध्ये नेमबाजीचं कांस्यपदक जिंकलं आणि स्टेटसवर, रील्सवर सगळीकडे त्याचे फोटो झळकले. पण फायनल लाइव्ह बघायला बसलेल्या अनेकांची अडचण वेगळीच होती. स्क्रीनवर आठ नेमबाज, शेजारी वरखाली होणारे आकडे, आणि नक्की चाललंय काय ते कळायला मार्ग नाही.

क्रिकेट आपल्याला लहानपणापासून कळतं. बाकीचे खेळ आपण चार वर्षांतून एकदा बघतो. मग नियम पाठ करून बसायचं का? अजिबात नाही. खेळ बघताना एकच प्रश्न विचारायचा, 'इथे माणूस हरतो कुठे?'

नेमबाजी : शेवटचे शॉट्स चुकवू नका

स्वप्नीलचा प्रकार होता ५० मीटर रायफल थ्री पोझिशन. म्हणजे आधी गुडघ्यावर बसून १५ शॉट्स, मग पालथं झोपून १५ आणि शेवटी उभं राहून. लक्ष्याच्या मधलं १० गुणांचं वर्तुळ फक्त १०.४ मिलिमीटरचं, साधारण शर्टाच्या बटणाएवढं. त्याच्या अगदी मध्यावर गोळी लागली तर १०.९ गुण.

हरायची जागा म्हणजे उभं राहून नेम धरणं. शरीराला टेकू नसतो, त्यामुळे मोठमोठ्यांचे गुण इथे घसरतात. त्यात ४० शॉट्स झाले की खालचे दोघं बाहेर जातात आणि पुढे प्रत्येक शॉटनंतर एक जण. स्वप्नील बसून सहावा होता, झोपून पाचवा आणि उभं राहून थेट तिसरा. ४४ शॉट्समध्ये ४५१.४ गुण. ज्यांनी सुरुवातीला त्याचा सहावा नंबर बघून चॅनल बदलला, त्यांची खरी फायनल हुकली.

वेटलिफ्टिंग : एका किलोचा हिशेब

याच पॅरिसमध्ये मीराबाई चानू ४९ किलो गटात चौथी आली. तिची बेरीज १९९ किलो, कांस्य जिंकणाऱ्या थायलंडच्या खेळाडूची २००.

नियम सोपा आहे. स्नॅचमध्ये वजन एका दमात डोक्यावर न्यायचं. क्लीन अँड जर्कमध्ये आधी खांद्यावर, मग डोक्यावर. दोन्हीत तीन-तीन संधी आणि दोन्हीतल्या सर्वोत्तम वजनांची बेरीज. मीराबाईने शेवटच्या संधीला ११४ किलो मागितले. ते उचलले असते तर कांस्य तिचं होतं. वजन निसटलं.

पॅरिसमध्ये भारत तब्बल सहा वेळा चौथा आला. 'पदक नाही म्हणजे फिरायला गेले होते' अशी कमेंट टाइप करायला दोन सेकंद लागतात. हा एका किलोचा हिशेब माहीत असेल, तर ती टाइप करायची इच्छाच होत नाही.

स्टीपलचेस : घड्याळावरही नजर ठेवा

बीडचा अविनाश साबळे ३००० मीटर स्टीपलचेस पळतो. या शर्यतीत २८ अडथळे आणि पाण्याचे ७ खड्डे पार करायचे असतात. पाय दमलेले असताना अडथळा नीट ओलांडणं हीच इथली परीक्षा.

१९९८ पासून राष्ट्रकुल स्पर्धेत या शर्यतीची तिन्ही पदकं केनियाच घेऊन जायचा. २०२२ मध्ये बर्मिंगहॅमला साबळे मध्ये घुसला आणि रौप्य जिंकलं. सुवर्ण हुकलं ते फक्त ०.०५ सेकंदाने. पुढच्या वर्षी हांगझोऊच्या एशियन गेम्समध्ये तो इतका पुढे निघून गेला की शेवटी जवळपास कुणी नव्हतं.

धावण्याच्या निकालात नावापुढे 'पीबी' दिसलं तर ती त्या खेळाडूची आयुष्यातली सर्वोत्तम वेळ. 'एनआर' म्हणजे राष्ट्रीय विक्रम. सातव्या आलेल्या धावपटूपुढे पीबी असेल, तर त्याच्यासाठी तो दिवस मोठाच असतो.

पदकतक्ता असा वाचा

पॅरिसमध्ये भारताची पदकं सहा, पाकिस्तानचं एक. तरी पाकिस्तान ६२ वा आणि भारत ७१ वा. कारण तक्त्यात आधी सुवर्ण मोजलं जातं, एकूण पदकं नाही. भारताकडे एक रौप्य आणि पाच कांस्य होती, तर पाकिस्तानकडे भालाफेकीत अर्शद नदीमने जिंकलेलं सुवर्ण. त्यामुळे तक्त्यातला क्रमांक म्हणजे देशातल्या खेळाचं पूर्ण चित्र नव्हे.

आणि वेळ कुठून काढायचा?

२०२६ चे एशियन गेम्स जपानच्या आइची-नागोयात आहेत, १९ सप्टेंबर ते ४ ऑक्टोबर. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. म्हणजे तिथे संध्याकाळी सातला सुरू होणारी फायनल आपल्याकडे दुपारी साडेतीनला. २०२८ ला लॉस एंजेलिसमध्ये उलटं होईल. तिथली संध्याकाळी सातची फायनल आपण दुसऱ्या दिवशी सकाळी साडेसातला चहा पिता पिता बघू.

सगळं बघायच्या नादी लागू नका. दोन खेळ निवडा, त्यातला एकेक खेळाडू निवडा आणि त्याला पात्रता फेरीपासून बघा. रोज मेडल टॅली रिफ्रेश करण्यापेक्षा यात जास्त जीव अडकतो. आणि मग तो चौथा आला, तरी तो चौथा कसा आला हे सांगायला ग्रुपवर निदान तुम्ही असाल.