हक्काचे घर, हाताला काम : फरिदाबादची कहाणी

फाळणीत सर्वस्व गमावून आलेल्या सरहद्दीवरच्या माणसांना सरकार घरे बांधून देणार होते. 'घरे आम्हीच बांधू,' असे त्यांनी सरकारला ऐकवले आणि दिल्लीजवळच्या ओसाड माळावर एक शहर उभे राहिले.

दिल्लीच्या मेट्रोची जांभळी मार्गिका काश्मिरी गेटपासून निघते आणि थेट हरियाणात शिरते. खान मार्केट, जंगपुरा, लाजपत नगर ही स्थानके मागे पडतात. बदरपूरची हद्द ओलांडली की फरिदाबाद सुरू होते. मग येतात बाटा चौक आणि एस्कॉर्ट्स मुजेसर, म्हणजे चक्क कारखान्यांची नावे मिरवणारी स्थानके. रोज हजारो माणसे या गाडीतून कामावर जातात-येतात. पण या मार्गावरची कितीतरी नावे एकाच कहाणीत गुंफलेली आहेत, हे त्यांतल्या फार थोड्यांना ठाऊक असेल.

ही कहाणी आहे निर्वासितांची. १९४१ साली दिल्लीची लोकसंख्या सुमारे नऊ लाख होती. १९५१च्या जनगणनेत ती साडेसतरा लाखांच्या घरात गेली. त्यांत जवळजवळ पाच लाख माणसे फाळणीनंतर पाकिस्तानातून आलेली होती. पुराना किल्ला, हुमायूनची कबर, शाळा, धर्मशाळा, रस्त्यांच्या कडा, जिथे जागा मिळेल तिथे माणसे पथारी टाकून होती. दिल्लीच्या उत्तरेला कुरुक्षेत्राची छावणी तर १९४७च्या अखेरीस तीन लाखांवर गेली होती. नजर जाईल तिथवर नुसते तंबूच तंबू!

आणि सरकारची अवस्था? धान्याचा तुटवडा, रेशनच्या रांगा, परदेशातून आणावा लागणारा गहू. सप्टेंबर १९४९ मध्ये तर रुपयाचे अवमूल्यन करावे लागले. नव्याने संसार मांडलेल्या घरात पहिल्याच महिन्यात पन्नास पाहुणे यावेत आणि डब्यात पीठ नसावे, तशी गत झाली होती.

'आम्हांला एकत्र राहू द्या'

कुरुक्षेत्राच्या छावणीत वायव्य सरहद्द प्रांतातून आलेले हिंदू आणि शीख होते. बन्नू, डेरा इस्माइल खान, कोहाट, पेशावर इथली ही माणसे. त्यांतले बहुतेक व्यापारी, दुकानदार, सावकार. पठाणांच्या शेजारी पिढ्यान्‌पिढ्या राहिल्यामुळे बोलणे रोखठोक आणि स्वभाव ताठ. त्यांच्यात सरहद्द गांधी बादशाह खान यांच्या 'खुदाई खिदमतगार' चळवळीत तयार झालेले कार्यकर्तेही होते.

सरकारने त्यांना राजस्थानात, अलवर-भरतपूरकडे पाठवायचे ठरवले. त्यांनी साफ नकार दिला. अनोळखी गावांत विखरून राहायचे नाही, दिल्लीच्या जवळ आणि सगळे मिळून राहायचे, ही त्यांची मागणी होती. घर गेले, जमीन गेली, दुकान गेले. शेजारीपाजारी तेवढे उरले होते, ते तरी तुटू नयेत, एवढेच त्यांचे म्हणणे. त्यासाठी त्यांनी दिल्लीत येऊन सत्याग्रह केला. अखेर पंतप्रधान नेहरूंनी त्यांचे म्हणणे मान्य केले. जहांगीर बादशहाच्या खजिनदाराने, शेख फरीदने, १६०७ साली वसवलेले फरिदाबाद हे छोटेसे गाव दिल्लीपासून तीसेक किलोमीटरवर होते. त्याच्या शेजारी नवे गाव वसवायचे ठरले.

१९४९ साली फरिदाबाद विकास मंडळ स्थापन झाले. अध्यक्ष होते राजेंद्रप्रसाद. पंडित हृदयनाथ कुंझरू, कमलादेवी चट्टोपाध्याय, सेवाग्रामच्या आशादेवी आर्यनायकम अशी मातब्बर मंडळी सदस्य होती. हजार कामांतून वेळ काढून नेहरू स्वतः मंडळाच्या बैठकांना येऊन बसत. प्रत्यक्ष कारभार सुधीर घोष यांच्याकडे होता. गांधीजींचे दूत म्हणून इंग्रज सरकारशी बोलणी केलेला हा तरुण.

दुकानदारांना गवंडीकाम जमेल का?

पहिली ठिणगी पडली ती घरे कोणी बांधायची यावरून. सरकारी पद्धत सरळ होती. बांधकाम खाते नकाशे काढणार, ठेकेदार नेमणार, ठेकेदार आपले मजूर आणणार आणि निर्वासित तंबूत बसून फुकटचे रेशन खात घर तयार होण्याची वाट पाहणार. कमलादेवींची 'इंडियन को-ऑपरेटिव्ह युनियन' ही संस्था आणि तिचे तरुण कार्यकर्ते लक्ष्मीचंद जैन यांना हे पटेना. ज्यांना घर हवे आहे आणि ज्यांच्या हाताला काम नाही, ती माणसे एकच आहेत. मग बांधकामाची मजुरी त्यांनाच का मिळू नये?

अभियंत्यांनी मान हलवली. आयुष्यभर गादीवर बसून तराजू धरलेली ही माणसे, त्यांना विटा-चुन्याचे काय कळते? काम लांबेल, खर्च वाढेल! त्या काळी बांधकाम खाते ज्या मंत्रालयाकडे होते, त्याचे मंत्री होते आपले काकासाहेब गाडगीळ. पुढे १९५८ ते १९६२ या काळात ते पंजाबचे राज्यपाल झाले, तेव्हा फरिदाबादही पंजाबातच होते. असे हे नव्या देशाचे छोटे जग!

वाद वरपर्यंत गेला आणि निर्वासितांच्या बाजूने निकाल लागला. त्यांच्या सहकारी संस्था उभ्या राहिल्या. माणसे विटा पाडायला शिकली, पाया खणायला शिकली, भिंत ओळंब्यात घ्यायला शिकली. ज्या हातांनी कधी घमेले उचलले नव्हते, त्या हातांना घट्टे पडले. पण आठवड्याला हाती पडणारा पैसा हा दानाचा नव्हता, घामाचा होता. फुकटच्या रेशनसाठी रांगेत उभे राहताना खाली गेलेली मान त्या पैशाने वर आली. पाच हजारांच्या आसपास छोटी घरे उभी राहिली. शाळा झाल्या, त्यांत आशादेवींनी नई तालीमचा प्रयोग केला. इस्पितळ झाले. १९५१ साली नेहरूंच्या हस्ते त्याचे उद्‌घाटन झाले आणि सरहद्दीच्या लोकांनी त्याला नाव दिले ते आपल्या बादशाह खानांचे.

विजेचीही एक गोष्ट आहे. दुसऱ्या महायुद्धाची भरपाई म्हणून जर्मनीकडून आलेला डिझेलवर चालणारा वीजसंच कलकत्त्याला गंजत पडला होता. सुधीर घोष यांनी तो मागून आणला. त्याचे सुटे भाग जुळवून फरिदाबादेत वीजघर उभे राहिले आणि उद्योगांचा मार्ग मोकळा झाला.

कारखान्यातून निघालेली घरे

त्याच सुमारास दिल्लीत जंगपुऱ्याला अगदी वेगळा प्रयोग चालला होता. केंद्र सरकारचे गृहनिर्माण संचालक होते ऑटो कोनिग्सबर्गर, हिटलरच्या जर्मनीतून परागंदा झालेले वास्तुविशारद. निर्वासितांसाठी नवी गावे आखण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा होता. घरांच्या भिंती कारखान्यात ओतायच्या आणि जागेवर नेऊन जोडायच्या, म्हणजे घरे झपाट्याने होतील, अशी त्यांची योजना होती. त्यासाठी सरकारने कारखाना काढला. पण तयार भिंतींना तडे गेले, सांधे नीट जमेनात आणि खर्चावरून संसदेत टीकेचे मोहोळ उठले. योजना गुंडाळावी लागली. पुढे त्याच कारखान्यातून 'हिंदुस्तान हाउसिंग फॅक्टरी' ही सरकारी कंपनी झाली आणि दुसरी बांधकामे करू लागली, ही गोष्ट वेगळी. यंत्राने जे साधले नाही, ते बन्नूच्या दुकानदारांनी घमेल्याने साधले.

सरकारने गाव वसवायचे, ही कल्पना काही आपल्याकडेच निघाली नव्हती. १९३०नंतरच्या महामंदीत अमेरिकेचे अध्यक्ष रूझवेल्ट यांच्या सरकारने बेकारांना कामावर घेऊन वॉशिंग्टनजवळ 'ग्रीनबेल्ट' नावाचे गाव उभारले. १९३७ साली तिथे कुटुंबे राहायला आली. तिथले दुकानही रहिवाशांनी सहकारी तत्त्वावर चालवले. महाराष्ट्रात कल्याणजवळ सिंधी बांधव आले, ते लष्कराने सोडलेल्या बराकींमध्ये. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल राजाजींनी तिथे उल्हासनगरची कोनशिला बसवली. हरियाणातल्या नीलोखेडीला एस. के. डे यांनी 'मजदूर मंझिल' उभारली. सगळीकडे प्रश्न एकच होता. छप्पर मिळाल्यावर पोटाचे काय?

छप्पर मिळाले, चूल कशी पेटणार?

फरिदाबादला हा प्रश्न लवकरच भेडसावू लागला. घरे बांधून होत आली, तसे बांधकामाचे कामही आटले. जी माणसे काल गवंडी होती, ती आज पुन्हा बेकार. कारखाने यायला वेळ लागत होता. १९५१ साली बाटाचा चपला-बुटांचा कारखाना आला, तेव्हा काहींना हायसे वाटले. पण हजारो हातांना एक कारखाना कसा पुरणार?

त्यातच कारभार मंडळाच्या हातून सरकारी खात्यांकडे गेला. सहकारी संस्थांना मोकळा हात होता, तो आखडला. थकलेली भाडी, कर्जाचे हप्ते, फायलींवरचे शेरे यांचे राज्य सुरू झाले. एकेक संस्था बंद पडत गेली. काल ज्याने आपले घर स्वतः बांधले, तो आज कार्यालयाच्या दारात अर्ज घेऊन उभा राहिला. लक्ष्मीचंद जैन यांना ही खंत अखेरपर्यंत होती. १९८९ साली मॅगसेसे पुरस्कार मिळालेल्या या कार्यकर्त्याने १९९८ मध्ये फरिदाबादवर पुस्तक लिहिले. त्याचे नाव त्यांनी 'आशेचे शहर' अशा अर्थाचे ठेवले. त्या नावात अभिमान आहे, तशी हुरहुरही आहे.

पुढे उद्योग आले आणि भरभरून आले. लाहोरहून आलेल्या नंदा कुटुंबाच्या एस्कॉर्ट्सचे ट्रॅक्टर इथे बनू लागले. २०११च्या जनगणनेत फरिदाबादची लोकसंख्या चौदा लाखांवर गेली. आज ते हरियाणातले सर्वांत मोठे शहर आहे. तीस-चाळीस हजार निर्वासितांसाठी आखलेले गाव आता या महानगराच्या पोटात 'एनआयटी', म्हणजे न्यू इंडस्ट्रियल टाऊन, या नावाने उरले आहे. मूळच्या बैठ्या घरांच्या जागी बहुमजली इमारती उठल्या. डिसेंबर २०२० मध्ये बादशाह खान इस्पितळाला अटलबिहारी वाजपेयी यांचे नाव देण्याचा निर्णय झाला, तेव्हा जुन्या रहिवाशांना वाईट वाटले. ते नाव म्हणजे त्यांच्या वाडवडिलांनी सरहद्दीवरून सोबत आणलेली अखेरची पुंजी होती.

आजही घरांच्या सरकारी योजना निघतात. किती घरे झाली याचे आकडे छापून येतात, किल्ल्या वाटल्या जातात. शहराबाहेर दूर बांधलेली घरे मात्र पुष्कळदा रिकामीच राहतात. तिथून कामाला जायला बस नाही आणि शेजारी ओळखीचे माणूस नाही. फरिदाबादच्या माणसांनी १९४९ सालीच याचे उत्तर दिले होते. शेजार तुटू देऊ नका, हाताला काम द्या आणि घर बांधताना त्यात राहणाऱ्याला विचारा. जोवर हे जमले, तोवर ओसाड माळावर गाव फुलत गेले. जिथे हे सुटले, तिथे भिंती राहिल्या आणि उमेद गेली.

जांभळ्या मार्गिकेची गाडी बाटा चौकात थांबते, दारे उघडतात, माणसे घाईने उतरतात. त्यांतल्या एखाद्याचे आजोबा याच मातीत विटा पाडत उभे राहिले असतील, आयुष्यात पहिल्यांदाच आणि स्वतःच्या घरासाठी.