वेल्ड मुद्दाम तडकवताना

पिरंगुट-उरवडे पट्ट्यातल्या फॅब्रिकेशनच्या शेडना पावसाळ्यात एक जादा शत्रू असतो: ओल. ताम्हिणीचा पाऊस इथून लांब नाही. उघड्या पुड्यातला ७०१८ वेल्डिंग रॉड हवेतली ओल धरतो. आर्कच्या उष्णतेत पाण्यातला हायड्रोजन सुटतो, वितळलेल्या धातूत शिरतो आणि सांधा गार होताना कडक झालेल्या पोलादात अडकतो. तडा तेव्हा दिसत नाहीच. जॉब तपासून पास होतो आणि एक-दोन दिवसांनी वेल्डच्या कडेला बारीक चीर उमटते.

या गार तड्याला तीन गोष्टी एकत्र लागतात: हायड्रोजन, कडक धातू आणि ताण. कडकपणाचा अंदाज कार्बन-तुल्यांकावरून येतो; त्यात कार्बनच्या टक्केवारीत मँगॅनीजचा सहावा हिस्सा आणि क्रोमियम, निकेल वगैरेंचे हिस्से मिळवतात. नेहमीच्या आयएस २०६२ ई-२५० ए प्लेटला हा आकडा ०.४२ च्या वर चालत नाही. शाफ्टच्या ईएन-८ मध्ये सुमारे ०.४ टक्के कार्बन आणि ०.८ टक्के मँगॅनीज धरले, तर तो ०.५३ पर्यंत जातो. असा शाफ्ट न तापवता भरायला घेणे म्हणजे तडा मागून घेणे.

आकडा इशारा देतो, निकाल देत नाही. निकालासाठी टेक्केन चाचणी आहे. नाव जपानच्या रेल्वे संशोधन संस्थेवरून आले. २०० मिलिमीटर लांबीच्या जोडीची दोन्ही टोके ६०-६० मिलिमीटर आधीच पक्की वेल्ड करतात. मधल्या ८० मिलिमीटरच्या तिरप्या खाचेत, तळाला २ मिलिमीटर फट ठेवून, एकच पास मारतात. टोके बांधलेली असल्याने आकसणाऱ्या धातूला कुठे सरकायला जागाच उरत नाही. तुकडा ४८ तास तसाच ठेवतात, मग आडवे काप काढून, घासून, आम्लाने उमटवून मुळाशी चीर पाहतात. हळूहळू प्रीहीट, म्हणजे वेल्डआधी प्लेट तापवण्याचे तापमान, वाढवत नेले की ज्या तापमानाला चीर थांबते, तो त्या प्लेटचा, त्या रॉडचा, त्या दिवसाच्या हवेचा खरा आकडा. मला ही चाचणी सर्वांत प्रामाणिक वाटते, कारण ती धातूला सुटायला वाट ठेवत नाही.

दुसरा तडा गरम. वेल्ड गोठता गोठता शेवटचा पातळ द्रव कणांच्या सीमांवर राहतो. गंधक-फॉस्फरस जास्त असले की तो आणखी रेंगाळतो आणि आकसण्याने सीमा फाटतात. १९६५ मध्ये अमेरिकेत सॅव्हेज आणि लंडिन यांनी वेल्ड चालू असतानाच प्लेट ठरावीक वक्रतेच्या ठोकळ्यावर एकदम वाकवून चिरांची लांबी मोजायची पद्धत आणली, ती व्हॅरेस्ट्रेंट. अ‍ॅल्युमिनियमचा ६०६१ नुसताच वितळवून जोडला की असाच फाटतो. सिलिकॉन एक टक्क्याच्या आसपास असताना तो सर्वांत नाजूक. म्हणून ५ टक्के सिलिकॉनची ४०४३ तार घालतात. तिच्यामुळे शेवटी पुरेसा द्रव उरतो आणि फाटलेली जागा भरून निघते.

याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या वालचंदनगरला इस्रोच्या रॉकेटची मोटर-आवरणे बनतात. त्यासाठी वापरायच्या मॅरेजिंग पोलादात १८ टक्के निकेल आणि कार्बन ०.०३ टक्क्यांखाली. ते वेल्डनंतर सुमारे ४८० अंशांना मुरवून कडक करतात, म्हणून वेल्ड करताना मऊच राहते. तडा टाळायचा विचार तिथे मिश्रधातू निवडतानाच झालेला असतो.

लहान शेडला धातू निवडायची मुभा नसते. गिऱ्हाईक देईल ते जोडावे लागते. प्रक्रिया मान्य करून घेताना ओढ-चाचणी आणि वाकवण्याची चाचणी होते, पण सुट्या तुकड्यावर, आणि पुष्कळदा कोरड्या महिन्यात. बांधलेल्या जाड सांध्याबद्दल ती फारसे सांगत नाही. टेक्केनला लागते ते थोडे प्लेटचे तुकडे, करवत, घासायची सोय आणि साधा सूक्ष्मदर्शक. औद्योगिक संघटनेने एक सामायिक बाक आणि रॉड ३०० ते ३५० अंशांना भाजणारा ओव्हन ठेवला, तर जुलैत घेतलेला प्रीहीटचा आकडा जानेवारीतल्या आकड्याशेजारी फलकावर लिहिता येईल.