काठी अंगाची, बाउन्स जमिनीचा

खेळाचं साहित्य : भाग ९

क्रिकेटची बॅट घ्यायला गेलेला माणूस ती आधी हातात धरतो, दोन-चार वेळा फिरवतो, दुकानदार 'जरा सांभाळून' म्हणेपर्यंत एखादा कव्हर ड्राइव्हही मारून बघतो. तोच माणूस गोल्फचं किट घेताना मात्र फक्त कंपनीचं नाव वाचतो आणि भाव विचारतो. एका पिशवीत चौदा वेगवेगळ्या काठ्या, प्रत्येकीची लांबी वेगळी, कोन वेगळा आणि यातलं काहीच तपासायचं नाही, असा हा व्यवहार.

नगरमध्ये बहुतेकांना गोल्फची ओळख होते ती छावणीमुळे. आर्मर्ड कोर सेंटर अँड स्कूल आणि मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर ज्या गावात आहे, तिथे हा शब्द अगदी अनोळखी नसतो. तसं पाहिलं तर इंग्रजांनी हा खेळ फार लवकर इथे आणला. कलकत्त्याचा क्लब १८२९ चा, मुंबईतला १८४२ चा. देवळाली आणि खडकवासल्याच्या लष्करी परिसरांत तो आजही खेळला जातो, आणि नाशिकच्या ज्या मैदानावर रणजीचे सामने होतात त्याला लोक अजून गोल्फ क्लब मैदानच म्हणतात. नगरच्या हौशी खेळाडूचं पहिलं किट मात्र क्वचितच नवं असतं. बदलीवर निघालेल्या अधिकाऱ्याने स्वस्तात दिलेलं, नाहीतर न्यू जर्सीतल्या भाच्याने सुट्टीला येताना आणलेलं. म्हणजे ते किट मुळात दुसऱ्याच कुणाच्या अंगाचं आणि दुसऱ्याच कुठल्या जमिनीचं असतं. ते आपल्या अंगाला आणि आपल्या जमिनीला कसं बसवायचं, हा आजचा विषय.

आधी संख्येचा प्रश्न मिटवू. नियम चौदाच्या वर काठ्या नेऊ देत नाही. ही मर्यादा अमेरिकेत १९३८ साली आली आणि पुढच्याच वर्षी ब्रिटिश नियमांतही. त्याआधी लॉसन लिटल यांच्यासारखे खेळाडू विसाहून कितीतरी जास्त काठ्या बाळगत आणि कॅडीचा खांदा मोडत. पण चौदा ही कमाल मर्यादा आहे, सक्ती नाही. चिक इव्हान्स यांनी १९१६ ची यूएस ओपन सात काठ्यांवर जिंकली. नवशिक्याला एक फेअरवे वूड, एक हायब्रिड, सहा आणि आठ नंबर, पिचिंग वेज, सँड वेज आणि पटर एवढं वर्षभर पुरतं. ड्रायव्हर नसला तरी चालतं, हे माझं मत अनेकांना पटत नाही.

आता नंबर. कॅडी म्हणतो, "साहेब, सात नंबर घ्या." पण सात नंबर म्हणजे किती, हे कंपनी ठरवते. काठीच्या तोंडाचा मागे कललेला कोन, म्हणजे लॉफ्ट, चेंडू किती उंच आणि किती लांब जाणार ते ठरवतो. चाळीस वर्षांपूर्वीच्या सात नंबरचा लॉफ्ट साधारण ३६ अंशांच्या आसपास असे. आजच्या अंतरवाल्या संचांत तो ३० वर, कधी त्याच्याही खाली आला आहे. नव्या काठीने सात नंबर वीस यार्ड लांब गेला म्हणून खूश होणाऱ्याने लक्षात घ्यावं, की त्याच्या हातात बहुधा जुना पाच नंबर आहे, फक्त त्यावर सात लिहिलं आहे. यात फसवणूक आहे असं मी म्हणणार नाही. डोक्याचं वजन खाली आणि मागे नेल्यामुळे कमी लॉफ्टनेही चेंडू उंच जातो. घोटाळा होतो तो वेजपाशी. नव्या संचातला पिचिंग वेज ४४ अंशांचा आणि तुमचा जुना सँड वेज ५६ चा असेल, तर मध्ये १२ अंशांची खिंड पडते. चार-पाच अंशांना एक काठी असा हिशेब धरला, तर तिथे ५० अंशांचा एक वेज हवाच. म्हणून किट घेताना नंबर वाचू नका, लॉफ्ट विचारा.

आणि आता ज्याच्याकडे हौशी माणूस सर्वांत कमी बघतो, पण ज्याने त्याचे सर्वांत जास्त फटके वाकडे जातात, ते प्रकरण. काठी जमिनीवर टेकवल्यावर दांडा जमिनीशी जो कोन करतो त्याला लाय म्हणतात. सात नंबरला तो साधारण ६२-६३ अंश असतो. फटका बसताना डोक्याचा तळ जमिनीला सपाट लागला पाहिजे. डोक्याचं दांड्यापासून लांबचं टोक वर राहिलं आणि दांड्याजवळची टाच टेकली, तर काठीचं तोंड उजव्या हाताने खेळणाऱ्याच्या डावीकडे बघतं, आणि चेंडू डावीकडे जातो. टोक रुतलं तर उजवीकडे. लॉफ्ट जितका जास्त तितका हा परिणाम मोठा, म्हणून वेजमध्ये तो सर्वांत जास्त भोवतो. खेळाडू बिचारा महिनोन् महिने मनगटाला दोष देत राहतो.

कारखान्यातली नेहमीची काठी पाच फूट नऊ-दहा इंचांच्या माणसाला नजरेसमोर ठेवून बनते. आपल्याकडचे बरेच जण त्याहून बुटके. पण नुसती उंची पुरत नाही. सरळ उभं राहून मनगटाच्या घडीपासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजायचं असतं, कारण बुटक्या माणसाचे हात आखूड असले तर त्याची मनगटं उंच माणसाच्या पातळीलाच येतात, आणि त्याला नेहमीची काठी चालून जाते. हात खाली येत असतील, तर मात्र नेहमीच्या काठीचं टोक वर उचललं जातं.

हे तपासायला यंत्र लागत नाही. काठीच्या तळाला इन्सुलेशन टेपची पट्टी चिकटवा, पातळ प्लायवूडचा तुकडा जमिनीवर ठेवा आणि त्यावरून अर्ध्या जोराने चेंडू मारा. टेप मध्यावर घासली तर लाय ठीक. टाचेकडे घासली तर काठी तुमच्यासाठी जास्त उभी आहे, टोकाकडे घासली तर जास्त आडवी. एकाच फटक्यावर निकाल देऊ नका, चार-पाच खुणा एका जागी यायला हव्यात. जुनं किट घेत असाल तर आठ-नऊ नंबरचे तळ उलटे करून बघा. आधीच्या मालकाने कुठे घासले आहेत ते दिसतं. टाच झिजलेली आणि टोक नवंकोरं असेल, तर तो गृहस्थ त्या काठीला बुटका होता. तुम्ही त्याच्याहून बुटके असाल तर पुढे जाऊ नका.

प्रत्येकाच्या शरीरानुसार लाय द्यायची ही पद्धत रुजवण्यात कार्स्टन सोल्हाइम यांचा मोठा वाटा आहे. नॉर्वेतल्या बर्गनमध्ये जन्मलेले, अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमध्ये इंजिनिअर. पटिंग जमत नव्हतं म्हणून १९५९ मध्ये त्यांनी गॅरेजमध्ये स्वतःच एक पटर बनवला. चेंडूला लागताना तो 'पिंग' असा वाजे, तेच कंपनीचं नाव झालं. डोक्याचं वजन मध्यातून काढून कडांना न्यायचं, म्हणजे चेंडू मध्यावर न लागताही डोकं कमी वळतं, हा त्यांचा विचार आज जवळपास प्रत्येक हौशी संचात आहे. पिंगच्या आयर्नवर एक रंगीत ठिपका असतो. काळा म्हणजे नेहमीची लाय, बाकीचे रंग त्याहून उभी किंवा आडवी. सेकंडहँड पिंग बघताना तो ठिपका आधी बघावा.

लाय चुकली असेल तर काय? पैसे खर्च करण्याआधी काठी अर्धा-एक इंच खाली धरून बघा. हाताची उंची तीच राहून काठी आखूड झाली की टोक आपोआप खाली येतं. अर्ध्या इंचाचा परिणाम जवळपास एक अंशाइतका असतो. तेवढ्याने टेप मध्यावर घासायला लागली, तर काम झालं. नाही झालं तर दांड्याच्या मुळाशी, जिथे तो डोक्यात शिरतो तो हॉझेल, तिथे डोकं शिकंज्यात धरून वाकवतात. घडीव लोखंडाचं डोकं दोन-तीन अंश सुखाने वाकतं. ओतीव स्टेनलेस स्टीलचं कडक असतं, ते तडकू शकतं. हे काम पुण्या-मुंबईतल्या लाय-लॉफ्ट मोजण्याचं यंत्र असलेल्या कारागिराकडेच करावं. फॅब्रिकेशनच्या दुकानातल्या ओळखीच्या माणसाला सांगू नये, त्याचा हात कितीही चांगला असला तरी.

बायकांसाठी दोन वाक्यं. 'लेडीज' संच साधारण एक इंच आखूड आणि हलक्या दांड्यांचा असतो. पाच फूट सहा इंच उंचीच्या, पूर्वी बॅडमिंटन किंवा हॉकी खेळलेल्या बाईने तो केवळ रंग गुलाबी आहे म्हणून घ्यायचं काही कारण नाही.

इथवरचं सगळं कुठल्याही गावाला लागू आहे. नगरचा खास प्रश्न वेजचा.

वेजच्या तळाला पोट असतं. दांडा सरळ उभा धरला की पुढची धार जमिनीपासून थोडी वर राहते आणि तळाची मागची बाजू आधी टेकते. या कोनाला बाउन्स म्हणतात. वाळूत किंवा मऊ, ओल्या गवतात हे पोट काठीला रुतू देत नाही, नावेच्या तळासारखं वर ठेवतं. नेहमीच्या सँड वेजला १० ते १४ अंश बाउन्स असतो, आणि तो जिथे गवत दाट आणि माती मऊ अशा देशांसाठी ठीक आहे. नगर पर्जन्यछायेतला जिल्हा. दक्षिणेकडच्या तालुक्यांत वर्षाचे आठ महिने जमीन मुरमाड आणि टणक, गवत विरळ. अशा जमिनीवर जास्त बाउन्सचा वेज आपटतो आणि उसळतो. धार चेंडूच्या पोटात बसते, आणि तीस यार्डांचा नाजूक फटका ग्रीनच्या पलीकडे साठ यार्डांवर जाऊन पडतो. खेळाडू म्हणतो, डोकं वर केलं. डोकं वर केलेलं नसतं, वेज चुकीचा असतो.

म्हणून इथे खेळायला ४ ते ८ अंश बाउन्सचा एक वेज पाहिजेच. वेजवर बहुतेक वेळा दोन आकडे कोरलेले असतात, पहिला लॉफ्टचा, दुसरा बाउन्सचा. ५६-१४ दिसला तर ठेवून द्या, ५६-८ दिसला तर हातात घ्या. दुसरी गोष्ट, टणक जमिनीवर काठीचं तोंड उघडून खेळू नका. तोंड उघडलं की बाउन्स वाढतो, म्हणजे मुद्दाम निवडलेली काठी पुन्हा होती तिथेच. टीव्हीवर बघून शिकलेला उंच लॉब इथे बहुतेक वेळा याच कारणाने फसतो. पावसाळ्यात मात्र उलटं होतं. काळी माती भिजली की कमी बाउन्सची धार तिच्यात खुपसली जाते आणि ढेकूळ चेंडूच्या आधी उडतं. त्यामुळे दोन वेज घेणार असाल तर एक कमी आणि एक मध्यम, ८ ते १० च्या आसपास, असे घ्या. दोन्ही सारखे घेण्यात पैसे जातात. आणखी एक बारकावा : कुणी वेजचा लॉफ्ट वाकवून एक अंशाने कमी करून दिला, तर बाउन्सही तेवढाच कमी होतो. कधी हे फुकटात मिळालेलं औषध ठरतं.

वाऱ्याचंही बघायला हवं. पारनेर तालुक्यात सुप्याजवळ कावड्या डोंगरावर पवनचक्क्या उगीच उभ्या केलेल्या नाहीत. जून-जुलैत समोरून वारा असताना उंच उडणारी काठी म्हणजे वाया गेलेला फटका, तेव्हा सातऐवजी सहा नंबर घेऊन सावकाश मारावं. उंचीचा थोडा फायदाही आहे. नगर समुद्रसपाटीपासून सुमारे ६५० मीटरवर आहे. हवा विरळ असल्याने चेंबूरच्या मैदानावर १४० यार्ड जाणारा फटका इथे तीन-चार यार्ड पुढे जातो. अंतरं मुंबईत मोजून आणू नका.

ड्रायव्हर हल्ली पाना देऊन विकतात. मानेतला स्क्रू सैल करून डोकं फिरवलं की लॉफ्ट बदलतो. असे फेरबदल करता येणाऱ्या ड्रायव्हरांना नियमाने २००८ पासून मोकळीक दिली. पण लॉफ्ट वाढवला की तोंड थोडं बंद होतं, कमी केला की उघडतं, हे पुस्तिकेत बारीक अक्षरांत असतं. उजवीकडे वळणाऱ्या फटक्याने त्रासलेल्याने लॉफ्ट वाढवावा, दोन्हीकडून फायदा. चालू फेरीत असा बदल करून त्या काठीने फटका मारणं नियमाला चालत नाही. टोकियो ऑलिम्पिकमध्ये खेळलेल्या पुण्याच्या उदयन मानेसारख्या व्यावसायिकांकडे बघून नऊ अंशांचा ड्रायव्हर आणि ताठ दांडा घेणाऱ्यांना एवढंच सांगतो, की त्या दर्जाचे खेळाडू डोकं ताशी पावणेदोनशे किलोमीटरच्या वर फिरवतात. हौशी पुरुष दीडशेच्या आसपास. साडेदहा ते बारा अंश, रेग्युलर दांडा, आणि पन्नाशी ओलांडली असेल तर सिनियरही. दांड्यावरच्या आर किंवा एस या अक्षरांना सगळ्या कंपन्यांचं एकच माप नाही, तेव्हा मारून बघितल्याशिवाय त्यावर विश्वास ठेवू नका.

ग्रिप स्वस्त असतात आणि लोक त्या दहा-दहा वर्षं बदलत नाहीत. डाव्या हाताने काठी धरल्यावर मधली दोन बोटं तळव्याला जेमतेम टेकली तर जाडी बरोबर. मे महिन्यात किट गाडीच्या डिकीत ठेवू नका. रबर कडक होतं, आणि डोकं दांड्याला धरून ठेवणारा इपॉक्सीही नरम पडू शकतो.

राहिला पटर. पाणी कमी असलेल्या जुन्या मैदानांवर हिरवळीऐवजी तेल मिसळलेल्या वाळूचे 'ब्राउन' असत. आजही कोरड्या भागातली ग्रीन टीव्हीवर दिसते तशी गुळगुळीत नसते. पटरलाही तीन-चार अंश लॉफ्ट असतो. तो चेंडूला आपल्याच वजनाने केलेल्या खळग्यातून बाहेर काढतो, म्हणून जाड गवताच्या ग्रीनवर चार अंशांचा बरा. लांबी ठरवताना वाकून उभे राहा आणि डाव्या डोळ्यापासून एक चेंडू सोडा. तो जमिनीवरच्या चेंडूवर किंवा त्याच्या किंचित आतल्या बाजूला पडला पाहिजे. फार आत पडत असेल, तर पटर बहुधा लांब आहे. दांडा वरून एखादा इंच कापून नवी ग्रिप बसवता येते. त्याने डोकं हातात हलकं लागतं, ते जड वाटेपर्यंत तळाला शिशाची पट्टी चिकटवायची.

पुढच्या आठवड्यात : टेबल टेनिसच्या बॅटचं रबर.