सौर बंब : स्नानाचे पाणी आणि गच्चीवरचे ऊन

वसतिगृह असलेल्या कोणत्याही शाळेत हिवाळ्याची खरी कसोटी पहाटे लागते. शंभर मुलांनी अंघोळ उरकून परिपाठाला वेळेवर उभे राहावयाचे, तर त्याआधी शंभर बादल्या ऊन पाणी सिद्ध असावे लागते. ते कोठून आणावयाचे, हा प्रश्न वरवर किरकोळ दिसतो. प्रत्यक्षात तो सरपणाचा आहे, वीजबिलाचा आहे, चुलवणापाशी धूर सोसणाऱ्या बायकांच्या डोळ्यांचा व छातीचा आहे, आणि मुलांच्या जिवाचाही आहे. स्मरणिकेच्या या पानांवर सौर बंबाविषयी लिहावे असे आम्हांस वाटले ते याच कारणाने. ज्यांच्या घराला गच्ची आहे अशा माजी विद्यार्थ्यांना व पालकांनाही यातून काही हाती लागेल.

आधी हिशेब मांडू. एक लिटर पाणी एक अंश सेल्सिअसने तापविण्यास एक किलोकॅलरी उष्णता लागते. हिवाळ्यात टाकीतले पाणी २० अंशांच्या आसपास असते असे धरू. ते ६० अंशांपर्यंत न्यावयाचे तर दर लिटरला ४० किलोकॅलरी हव्यात. साठ अंशांच्या दहा लिटर पाण्यात विसण घातले की सुमारे अठरा लिटर सोसवेल असे पाणी होते; ही एका मुलाची बादली. शंभर मुलांना १,००० लिटर कढत पाणी, म्हणजे ४०,००० किलोकॅलरी. विजेच्या एका युनिटातून ८६० किलोकॅलरी मिळतात, तेव्हा रोज ४६ युनिटांहून अधिक वीज झाली. वाळलेल्या लाकडात किलोमागे सुमारे ४,००० किलोकॅलरी असतात खऱ्या. पण उघड्या चुलीवर त्यांतील दहा-पंधरा टक्केच पाण्यापर्यंत पोहोचतात, बाकीची उष्णता धुराबरोबर निघून जाते. म्हणजे एका सकाळसाठी ७० ते १०० किलो सरपण. पऱ्हाट्या आणि तुऱ्हाट्या डोक्यावरून वाहिलेल्या आमच्या वाचकांना या आकड्याचे वजन निराळे सांगावयास नको.

आता आकाशाकडची बाजू पाहू. महाराष्ट्रात निरभ्र दिवशी एक चौरस मीटर जागेवर दिवसभरात पाच युनिटांच्या आसपास ऊर्जा उतरते. चांगला सौर बंब तिच्यातील निम्मी-अर्धी पाण्यात उतरवितो. दोन चौरस मीटरच्या पेटीमागे रोज १०० लिटर पाणी, हे सर्वत्र रूढ असलेले प्रमाण या हिशेबाशी जुळते. पाच माणसांच्या घराला १०० लिटरचा बंब पुरतो. शंभर मुलांच्या वसतिगृहाला २० चौरस मीटर पेट्या लागतात. सूर्यप्रकाशापासून वीज करणाऱ्या निळसर तावदानांशी मात्र याची गल्लत करू नये. ती तावदाने उन्हाच्या साधारण पाचव्या हिश्श्याचीच वीज करतात. नुसते पाणीच तापवावयाचे असेल तर उष्णतेचा वीज हा वळसा घेण्याचे कारण नाही.

रचना साधी आहे, आणि त्या साधेपणाचे आम्हांला कौतुक वाटते. उन्हात पडलेल्या काळ्या पाइपमधले पहिले पाणी चैत्र-वैशाखात हात पोळवते, हे प्रत्येकाने अनुभवले आहे. सौर बंब म्हणजे तोच पाइप, पण शहाणपणाने जपलेला. एका उथळ पेटीत तांब्याच्या नळ्या काळ्या पत्र्याला जोडलेल्या असतात. वर काच, खाली व कडेला उष्णतारोधक थर. काच उन्हाला आत येऊ देते, परंतु तापलेल्या पत्र्यातून निघणारे अवरक्त किरण अडविते आणि वाऱ्यालाही आत शिरू देत नाही. नळ्यांतले पाणी तापले की हलके होऊन वर चढते व टाकीच्या वरच्या भागात जाते. टाकीच्या तळचे थंड, जड पाणी त्याची जागा घ्यावयास खाली पेटीत उतरते. दिवसभर हे रहाटगाडगे पंपाविना, विजेविना चालू राहते.

मात्र यासाठी टाकीचा तळ पेटीच्या माथ्याहून उंच, साधारण एक फूट वर, असावा लागतो. तो खाली ठेवला तर रात्री उलटाच व्यवहार होतो : उघड्या आभाळाखाली पेटी निवते, तिच्यातले गार पाणी टाकीत उतरते, टाकीतले ऊन पाणी पेटीत चढते, आणि दिवसाची कमाई रात्रीत जाते. बंब बसविणारा कारागीर उंचीत काटकसर करू लागला तर मालकाने तेथे खंबीर राहावे. पेटीचे तोंड दक्षिणेकडे असावे. तिचा कल त्या गावाच्या अक्षांशाएवढा, किंबहुना हिवाळ्यासाठी दहा-पंधरा अंशांनी अधिक ठेवावा. पुण्याचा अक्षांश साडेअठरा अंश, नागपूरचा एकवीस.

या यंत्राचा इतिहास सांगावयाचा तर १७६७ साली जिनीव्हाच्या होरास द सोस्यूर यांनी काचेच्या थरांची पेटी करून उन्हात किती उष्णता कोंडता येते हे मोजले. १८९१ साली अमेरिकेतील बाल्टिमोरच्या क्लॅरेन्स केम्प यांनी पाणी तापविणाऱ्या पेटीचे स्वामित्व घेतले. पण तिच्यात पाणी जेथे तापे तेथेच साठे, म्हणून सूर्य मावळला की ते निवे. खरी युक्ती कॅलिफोर्नियाच्या विल्यम बेली यांची. १९०९ साली त्यांनी टाकी पेटीपासून वेगळी करून उबदार वेष्टनात गुंडाळली. पाणी तापविणे तसे सोपे. ते पहाटेपर्यंत राखणे हे अवघड काम होते. इस्राएलने १९८० साली नव्या घरांना सौर बंब कायद्याने आवश्यक केला. आपल्याकडे हिवाळ्यात, नेमक्या गरजेच्या दिवसांत, आभाळ स्वच्छ असते. तरी आपण अजून बादलीत विजेचा रॉड सोडतो याचे नवल वाटते. त्या रॉडचा धक्का बसून आणि बंद न्हाणीघरातील गॅस गिझरच्या कार्बन मोनॉक्साइडने गुदमरून माणसे गेल्याच्या बातम्या दर हिवाळ्यात येतात. गच्चीवरच्या पेटीत ज्योतही नाही आणि पाण्यात सोडलेली तारही नाही.

हल्ली तांब्याच्या नळ्यांऐवजी काचेच्या निर्वात नळ्यांचे बंब अधिक दिसतात. एकात एक अशा दोन काचनळ्या, मध्ये निर्वात पोकळी, आतल्या नळीवर काळा लेप, तत्त्व थर्मासचेच. त्या स्वस्त पडतात आणि कडक थंडीतही चांगले काम देतात. नळीच्या टोकाशी चंदेरी डाग असतो. तो पांढरा पडला की पोकळीत हवा शिरली असे समजावे व नळी बदलावी. माकडांचा उपद्रव असलेल्या गावांत आम्ही तांब्याच्या नळ्यांची, जाड काचेची पेटीच सुचवू. कूपनलिकेचे पाणी क्षारयुक्त असेल तर मात्र विचार पालटावा लागतो, कारण तांब्याच्या अरुंद नळ्या दोन-तीन वर्षांत चुन्याने भरून येऊ शकतात. मराठवाड्यात व विदर्भात पुष्कळ ठिकाणी हीच अडचण आहे. तेथे निर्वात नळ्या घ्याव्यात, किंवा पेटीतले पाणी वेगळे राखून टाकीतले पाणी त्याच्या उष्णतेने तापविणारी रचना मागून घ्यावी. ती महाग असते, पण टिकते.

वसतिगृहात आणखी दोन गोष्टींकडे लक्ष द्यावे लागते. बंबापासून नळापर्यंत अर्धा इंची पाइप वीस मीटर असेल तर त्यात साडेतीन लिटर पाणी मावते. पहिला मुलगा हे निवलेले पाणी मोरीत सोडतो, आणि मध्ये खंड पडला की पुढचाही तेच करतो. टंचाईच्या गावात हे परवडण्यासारखे नाही. प्रत्येक न्हाणीघरात गरम नळ नेण्यापेक्षा टाकीखाली चार-पाच नळांची एक ओळ करावी आणि मुलांनी बादल्या तेथून न्याव्यात, हे आम्हांला अधिक योग्य वाटते. दुसरी गोष्ट भाजण्याची. साठ अंशांचे पाणी मुलाची कातडी काही सेकंदांत भाजते. घरी आधी कढत पाणी ओतून वर विसण घालण्याची आपली रीत आहे. येथे ती उलटी करावी, बादलीत आधी गार पाणी आणि मग गरम. लहान वर्गांच्या वेळी नळापाशी एक मोठा विद्यार्थी असावा.

पावसाळ्याचे काय, असे पालक विचारतात. आषाढ-श्रावणात सलग झाकोळ असला की पाणी कोमट राहते. त्या दिवसांसाठी टाकीत विजेची कॉइल बसविता येते, पण तिचा खटका वसतिगृहप्रमुखांच्याच हाती असावा. नाही तर ती बारमाही चालते आणि बंब नावापुरता सौर उरतो. हजार लिटरची टाकी भरली की नुसत्या पाण्याचेच वजन एक टन होते, म्हणून जुन्या इमारतीवर ती चढविण्यापूर्वी अभियंत्याकडून स्लॅब तपासून घ्यावा. पत्र्याचे छप्पर असेल तर भक्कम लोखंडी चौकटीवर अंगणातही बंब उभा राहतो. सावली तेवढी नसावी. दिवाळीपूर्वी काच धुवावी, टाकीच्या तळचा गाळ सोडून द्यावा, शेजारच्या झाडाची वाढलेली फांदी छाटावी. निर्वात नळ्यांचा रिकामा बंब भरावयाचा तर तो सूर्य उगवण्यापूर्वी भरावा. भर दुपारी तापलेल्या कोरड्या नळीत गार पाणी गेले की ती तडकते.